घोडकाठाने, एस्तूच्या दगडापर्यंत

माझ्या पायाला भिंगरी आहे असं घरचे म्हणतात. शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे सुट्ट्या बऱ्या मिळतात. सुट्टी लागली की पिशवीत वही, पेन्सिली, एक कांबळं आणि चिवड्याचा डबा टाकून मी निघतो. लोक देवदर्शनाला जातात, थंड हवेला जातात. मला ओढ पडक्या जागांची. ओस पडलेल्या चौक्या, मोडकी देवळं, वाटसरूंनी विसरलेल्या धर्मशाळा. आई म्हणते, "नांदती घरं सोडून तुला ओसाड भिंतीच बऱ्या दिसतात?" मी सांगतो, चित्र काढताना भिंती हलत नाहीत.

यंदा नाताळच्या सुट्टीत मात्र आईनंच मला धाडलं. घोड नदीवर चिंचणीला धरण पुरं होत आलं आहे आणि येत्या पावसाळ्यात पाणी अडवणार, हे तिला रविवारच्या उपासनेनंतर कुणीतरी सांगितलं. त्या पाण्याखाली बोरकडी जाणार होती. माझे वडील मिशनचे उपदेशक. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं त्यांनी बोरकडीत शाळा चालवली. माझी थोरली बहीण एस्तेर तिथे तापानं गेली. चौदा महिन्यांची होती. मी तिच्यानंतर सहा वर्षांनी जन्मलो. घरात तिचा फोटो नाही, कपडा नाही. आहे तो बोरकडीचा दगड, वडिलांनी वडारांकडून छिन्नी मागून आणून स्वतःच्या हातानं अक्षरं कोरलेला.

"पाणी चढायच्या आत एस्तूचा दगड घेऊन ये," आई म्हणाली. "तुझ्या वडिलांच्या कबरीच्या उशाला ठेवू. एवढासा आहे, हातभर. बैलगाडीनं शिरूरला आण आणि एसटीच्या टपावर चढव." तिनं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. सत्तरी उलटलेल्या माझ्या आईनं उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी हो म्हणालो. शिरूरपर्यंत एसटीनं जायचं, तिथून नदीकाठानं पायी बोरकडी, आणि दगड गाडीत घालून रवाना केला की तसंच खाली चालत दौंड गाठून रेल्वेनं परत, असा बेत केला.

घोडनदी

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इथे एके काळी गोऱ्यांची छावणी होती. आता बंगल्यांचे नुसते चौथरे उरले आहेत आणि त्यांवर शेळ्या बसतात. कडुनिंबांच्या रांगा मात्र अजून कवायतीला उभ्या आहेत. मी तासभर त्या चौथऱ्यांवरून हिंडलो. एका ठिकाणी चार पायऱ्या होत्या आणि त्या कुठेच जात नव्हत्या. त्यांचं चित्र काढलं.

छावणीचं जुनं कबरस्तान पुढे लागलं. तिथल्या एका मोठ्या थडग्यापाशी ओला नारळ फुटलेला, बाजूला मूठभर बाजरी. मला वाटलं कुणाचं सांडलं असेल. तेवढ्यात धोतर वर खोचलेले एक म्हातारबाबा आले आणि त्यांनी थडग्याला चक्क हात जोडले.

"मामा, हा तर गोरा साहेब ना?"

"व्हय."

"मग त्याला बाजरी?"

"आमच्या पणज्यापास्नं ठेवत्यात. पहिलं दाणं त्याचं," ते म्हणाले. "सायेब असला म्हून काय झालं? राखण करतोय न्हवं."

मी मान डोलावली आणि मनात भरपूर हसलो. पुण्याला गेल्यावर ही गोष्ट सांगून आईची करमणूक करायची असं ठरवलं. आमचं घर या बाबतीत कडक. वडिलांनी हयातभर दगडाधोंड्यांपुढे डोकं टेकू नका म्हणून गावोगाव सांगितलं, आणि शेजारणीनं दिलेला प्रसाद आई अजूनही हसून, पण परतच करते.

दुपारी नदीला लागलो. घोड या दिवसांत शहाणी असते. मधोमध एक निळी धार आणि दोन्ही अंगांना पांढरी वाळू. वाळूत चर खणून लोकांनी कलिंगडाचे वेल लावले होते. दरडीवर शाळवाची ज्वारी हुरड्यात आली होती. संध्याकाळी एका मळ्यावर थांबलो. मळेकऱ्यानं गोवऱ्यांची आगटी पेटवून कणसं भाजली आणि हातावर चोळून हुरडा पुढे केला. सोबत लसणाची चटणी. मग बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. जेवणापूर्वी मी सवयीनं डोळे मिटून प्रार्थना केली. डोळे उघडून पाहतो तो घरातली सगळी हात आवरून माझ्याकडे बघताहेत.

"पाव्हण्याला भवळ आली का वो?" मळेकऱ्याची बायको नवऱ्याला हळूच विचारत होती. तिनं माझ्यापुढे गुळाचा खडाही आणून ठेवला होता. मी तो खाल्ला. अशा आजाराला माझी ना नाही.

बोरकडी

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत बोरकडी दिसली. मी पुष्कळ ओसाड गावं पाहिली आहेत, पण ती माझ्या आजोबा-पणजोबांच्या काळात ओस पडलेली. हे गाव दिवाळीनंतर उठलेलं. लोकांनी आढी, वासे, दारं, चौकटी, कौलं सगळं उतरवून गाड्यांतून नेलं होतं. राहिल्या त्या मातीच्या भिंती, डोक्यावर काही नसलेल्या. कोनाड्यांतली काजळी ताजी होती. एका घरात जातं होतं तिथे गोल खळगा आणि भोवती पिठाची फिकट कड. उकिरड्यावर एक कुत्री बसली होती. ती माझ्याकडे बघून भुंकली नाही, नुसती उठून दुसऱ्या भिंतीआड गेली. मोर मात्र चावडीच्या ओट्यावरून सरपंचासारखा चालत होता.

आईनं सांगितलेल्या खुणा बरोबर होत्या. गावाबाहेर, महारवाड्याच्या कडेला, मिशनच्या शाळेच्या चार भिंती. तीच रविवारची प्रार्थनेची जागा. मागे एक बाभूळ आणि बाभळीच्या पूर्वेला एस्तूची जागा. मी भिंतीला वळसा घालून मागे गेलो. बाभूळ होती. दगड नव्हता. तिथे एक खड्डा होता, अगदी परवा-तेरवाचा. मातीत हळदकुंकू, फुटक्या बांगड्या आणि शेंदराचे पोपडे.

मी बाभळीला टेकून बसलो. कुणी गुप्तधनासाठी खणलं असेल हा पहिला विचार. दुसरा विचार, आईला काय सांगू.  मग मला जे येतं ते मी केलं, वही काढून समोर दिसणाऱ्या गावच्या भिंतींचं चित्र काढायला लागलो.

"वो सायेब," मागून आवाज आला. "आता आनि काय मोजाया आलाय?"

दोन तगडे शेतकरी उभे होते. एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड, राहिलेली लाकडं न्यायला आलेले. हातात कागद आणि पेन्सिल असलेला माणूस म्हणजे मोजणीवाला, ही त्यांची समजूत. दोन वर्षं त्यांनी तसलीच माणसं पाहिली होती. मी चित्रकलेचा मास्तर आहे म्हणालो तर त्यांना ती शुद्ध थाप वाटली. शेवटी वही दाखवली.

कुऱ्हाडवाल्यानं वहीतल्या एका भिंतीवर बोट ठेवलं. "हे आमचं घर," तो म्हणाला. मग, "दार न्हाई ह्यात."

"आता नाहीच ना तिथे."

"व्हतं. दोन फळ्यांचं, वर गणपती. काढा की."

मी दार काढलं, वर गणपती काढला. गणपती मला येतो, शाळेत त्याला फार मागणी असते. तो कागद फाडून त्याला दिला तेव्हा त्यानं कुऱ्हाड खाली ठेवून दोन्ही हातांनी घेतला. मग मी खड्ड्याबद्दल विचारलं.

दोघांचेही आवाज एकदम खाली आले. "ती आमची बाळाई," तो म्हणाला. "पोराबाळांची देवी. निजलीय ती, म्हून हितं मोठ्यानं बोलायचं न्हाई. सोमवारी वाजतगाजत उचलली."

"निजलेल्या देवीला वाजतगाजत?"

"हलगी हळूच वाजवली," तो म्हणाला. "आता आबांच्या गोठ्यात हाय. नव्या गावठाणात देवळी बांधून बसवायची."

माझ्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली. वडिलांनी दगडावर नावाखाली दोनच शब्द कोरले होते, 'झोपली आहे'.

नवं गावठाण

नवं गाव दीड कोसावर, उघड्या माळावर होतं. चुन्यानं आखलेल्या रेषा, त्यांत अर्धी उठलेली घरं आणि नावालाही झाड नाही. जुनी दारं नव्या भिंतींना लावलेली. चालताना मी स्वतःशीच भांडत होतो. माझ्या बहिणीला शेंदूर फासला होता, आणि तोही माझ्या वडिलांनी कोरलेल्या अक्षरांवर. वडील वरून बघत असतील तर त्यांनी कपाळाला हात लावला असेल. दगड आमचा आहे, तो घ्यायचा आणि निघायचं, असं मी पक्कं केलं.

आबा म्हणजे गावचे वडीलधारे, साठी उलटलेले, सडसडीत. ओसरीवर गावातले चारपाच जण बसले होते. मी कोण असं त्यांनी विचारलं. मी वडिलांचं नाव सांगितलं, जुन्या शाळेच्या मास्तरांचा मुलगा म्हणालो. आबांनी हातातली तंबाखू न खाता पुन्हा चंचीत टाकली. चहा टाकायला सांगितला आणि बसलेल्यांना एकेक काम सांगून उठवलं. मग मला गोठ्यात नेलं.

कोपऱ्यात मऊ कडब्यावर दगड आडवा ठेवला होता. अंगावर धुतलेलं धडपं पांघरलेलं. शेजारच्या पाटीत लाकडाचे बोटभर पाळणे, नवसाचे, वीसपंचवीस तरी असतील. आबांनी धडपं बाजूला केलं. शेंदराचा थर जाड, गुळगुळीत. मी बोट फिरवलं. रेषेची बोटाला सवय आहे माझ्या. थराखाली 'ए' लागला.

"तुमी न्यायला आलाय," आबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे हा कुणाचा दगड आहे ते?"

"मला ठावं न्हाई तर कुनाला? पाटीवर हात धरून 'अ' गिरवला तो तुमच्या वडलांनी. साळा महारवाड्याला लागून. ती पोरं आत बसायची, आमी पाटलाकडची पोरं भाईर ओट्यावर. घरी गेलं की आई दारातच अंगावर पानी वतायची, मग घरात घ्यायची. आसा काळ व्हता."

"मग ही बाळाई कशी झाली?"

आबांनी धडपं पुन्हा नीट पसरलं. "आमच्या मंडळीची तीन लेकरं गेली. चवथ्या खेपंला ती येडीवानी करायला लागली. येकदा मी तिला ह्यो दगूड वाचून दावला, हितं मास्तरांची पोर निजलीय म्हून. ती म्हनली, हिच्या आईवानीच माझं झालंय. तवापास्नं रोज तिथं जाऊन बसायची. दूधभात ठिवायची. ते पोरगं जगलं. मग दुसऱ्या बाया यायला लागल्या. कुनी शेंदूर लावला, कुनी पाळना बांधला. मंडळी गेली, पर ते ऱ्हायलं."

"आणि गावाला तुम्ही सांगितलं नाही."

"न्हाई." ते माझ्याकडे न बघता बोलले. "ज्यांच्या घागरीला हीर बंद व्हती, त्यांच्या लेकीपुढं डोकं टेकताय, आसं सांगितलं आसतं तर कोन आलं आसतं? शेंदूर चढला, अक्षरं मिटली. मी गप बसलो. भ्यालो म्हना."

मला राग आला होता, तो मी लपवणार नाही. काहीतरी टाकून बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या. चहाचे कप घेऊन एक पोरसवदा बाई आत आली, दिवस भरत आलेली. आबांच्या नातवाची बायको. दोन बाळंतपणं वाया गेली होती हे मला मागाहून कळलं. तिनं कप आमच्या हातात दिले, दगडाच्या पायथ्याशी कष्टानं बसली, धडप्यावर हात ठेवला आणि आम्ही तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाली, "आई, ह्या खेपंला लक्ष ठिव."

ती निघून गेल्यावर मी कप खाली ठेवला. चौदा महिन्यांच्या माझ्या बहिणीला, जिला स्वतःला धड चालता येत नव्हतं, कुणीतरी आई म्हणून हाक मारत होतं. माझा राग कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. मला रडू आलं आणि आबांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

"दगूड तुमचा हाय," ते शेवटी म्हणाले. "मी आडवनार न्हाई. गावाला काय सांगायचं ते माझं मी सांगीन, मग हुईल ते हुईल. पर येक करा. मास्तरीनबाई हाईत न्हवं? त्यास्नी इचारा. त्या आना म्हनल्या तर मी सवता गाडी जुपून शिरूरला आनतो. पौर्निमेला बसवायची ठरलीय. तवर तुमच्या पत्राची वाट बघतो."

हे बोलणं न्याय्य होतं, म्हणूनच अवघड होतं. मी बरं म्हणालो. रात्री त्यांच्याच घरी आबांच्या ताटाला ताट लावून पुरणपोळी जेवलो. त्यांनी मुद्दाम केली होती.

दौंड

पुढचे दोन दिवस मी नदीच्या काठाकाठानं खाली चालत राहिलो. घोड भीमेला मिळते ती जागा फार सुंदर आहे. दोन्ही नद्या काही अंतर वेगवेगळ्या रंगांच्या वाहतात आणि मग कुठे एक होतात ते नक्की दाखवता येत नाही. तिथल्या पडक्या घाटावर बसून पाय पाण्यात सोडले. एक कोळी होडी दुरुस्त करत होता. त्यानं मला भाजलेला मासा दिला आणि माझं नावगाव काही विचारलं नाही. एरवी मी तिथे दोन दिवस काढले असते. या वेळी एकही रेष धड उमटेना. वहाणेचा अंगठा तुटला तो सुतळीनं बांधला आणि निघालो.

दौंड हे रेल्वेनं वसवलेलं गाव. इंजिनांचा धूर, पोळपाटाएवढे पाव, आणि आगगाडीच्या वेळा घड्याळ न बघता सांगणारी माणसं. स्टेशनबाहेर आम्लेट-पाव खाल्ला. गाडीत खिडकीची जागा मिळाली. यवत मागे पडेपर्यंत मी आईला सांगायचं वाक्य तयार केलं होतं. दगड सापडला नाही, लोकांनी गाव उचललं त्यात कुठे गेला कळत नाही. अर्धं खरं होतं. आईला दुखवण्यापेक्षा बरं, आणि आबांचंही झाकलेलं राहिलं असतं.

पुणे

आई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. "आणलास?"

"सापडला नाही," मी म्हणालो. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. खड्डा, शेंदूर, पाळणे, आबांचं गप्प बसणं, ती दिवस भरलेली पोर आणि तिनं मारलेली हाक.

"शेंदूर," आई एवढंच म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. दोन दिवस तिनं तो विषय काढला नाही.  पौर्णिमा जवळ येत होती. नव्या वर्षाच्या उपासनेहून परतल्यावर तिनं मला खुर्चीत बसवलं.

"त्या गावच्या विहिरीला दोन वर्षांत मी हात लावला नाही," ती म्हणाली. "लावू देत नसत. कुणीतरी येईल आणि वरून पाणी ओतेल म्हणून घागर घेऊन उन्हात उभी राहायचे. एस्तू कडेवर. चैत्राचं ऊन. त्या उन्हानंच तिला ताप भरला असं मी म्हणायचे. तुझे वडील म्हणायचे, असं मनात धरू नये."  हे तिनं मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. "आणि आता तिला दूधभात ठेवतात म्हणतोस."

"हो."

"नवं गाव कसं आहे?"

"उघड्या माळावर. झाडं नाहीत अजून."

तिनं पदराचा काठ बोटांनी सरळ केला. मग म्हणाली, "कार्ड घे. आबा-बिबा लिहू नकोस. तुका नाव त्याचं. ओट्यावर बसायचा, सारखं नाक पुसायचा. लिही, तुकारामास आशीर्वाद. दगड तुमच्याकडेच राहू द्या."

मी लिहिलं. सही करायला कार्ड तिच्यापुढे केलं, तर तिनं ते परत माझ्याकडे सरकवलं.

"अजून एक ओळ लिही," ती म्हणाली. "देवळीला वर छप्पर घाला आणि पुढे एक झाड लावा. तिला ऊन सोसत नाही."